बरोबरीत सुटलेला सामना आणि पिठलं-भाकरी

यंदा जवळा बाजारच्या शेतात हळदीचं बेणं जूनच्या सुरुवातीलाच जमिनीत गेलं. सुमनचा, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा, फोन आला तेव्हा ती बांधावरूनच बोलत होती. तिच्या मागे बायकांची बडबड ऐकू येत होती, ठिबकच्या नळ्या ओढल्याचा आवाज येत होता आणि कुणाची तरी ओळ वाकडी गेली म्हणून सगळ्या हसत होत्या. मी इथे हिंगोलीत स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या लावत होते. ओट्यावर पेपर उघडा होता आणि त्याच्या शेवटच्या पानावर झेंडेच झेंडे. जगात कुठेतरी पुन्हा फुटबॉलची मोठी स्पर्धा सुरू झाली आहे. आमच्या गल्लीतली पोरं पहाटे उठून मोबाईलवर सामने बघतात आणि दिवसभर पेंगतात.

मुक्ता, सोहम, हळदीच्या बेण्याचा आणि फुटबॉलचा काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण दोन वर्षांपूर्वी मी अशीच लागवड अर्धी टाकून तुमच्याकडे जर्मनीला आले होते. निघायच्या आदल्या दिवशी शेतात बेणं निवडायला बसले होते, त्यामुळे माझ्या हातांना तो ओला, मातकट, किंचित औषधी वास विमानातही होता. तुमच्या घरी पोहोचल्यावर सोहमने माझा हात नाकाशी धरून विचारलं होतं की आजी, तू काय सांडलंस. तेव्हापासून तो वास आणि तो उन्हाळा माझ्या मनात एकत्रच राहतात. एक आला की दुसरा येतो.

म्हणून हे लिहायला बसले. मुक्ता, यात तुझ्याविषयी बरंच आहे. तुला फोनवर विचारलं तर तू म्हणालीस, लिही, पण मला रडकी करू नकोस. प्रयत्न करते.

श्टुटगार्टच्या विमानतळावर उतरले तेव्हा मला वाटलं होतं, एखादा राष्ट्रीय सण असावा. गाड्यांच्या आरशांना झेंड्यांचे कपडे घातले होते. बेकरीत पावांवर झेंडे, औषधाच्या दुकानात झेंडे, एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या गळ्यातही झेंडा. युरोपातले सगळे संघ तुमच्या देशात खेळायला आले होते आणि त्यांच्यामागून त्यांची अर्धी गावं आली होती. तुमच्या बाबांनी मला दोन दिवसांनी शहरात नेलं तेव्हा लोकल गाडीत स्कॉटलंडची माणसं भरली होती. चांगली दणकट, दाढीवाली माणसं, आणि सगळ्यांनी चुणीदार लोकरी घागरे घातलेले. एकाने उठून मला जागा दिली. मी आभार मानून विचारलं, की जूनमध्ये लोकर घालून उकडत नाही का. त्याने फार आनंदाने बरंच काही सांगितलं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण त्या भल्या माणसाच्या बोलण्यातलं मला चारातलं एक वाक्य समजलं. उतरताना त्याने माझ्या नऊवारीकडे बोट दाखवून अंगठा वर केला. तेवढं मात्र नीट समजलं.

तुमच्या इमारतीत मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ती जिन्याची पाटी. एक छोटी लाकडी पाटी, ती ज्याच्या दाराला लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. कुणी कुणाला सांगत नाही, भांडत नाही. पाटी आली की झाडायचं. मी आले त्याच आठवड्यात ती आपल्या दाराला लागली आणि मी तुमच्या आईच्या हातातून केरसुणी काढून घेतली. सुमनला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काहून बाई, इमानानं एवढ्या दूर जाऊन जिना झाडून राहिल्या का तुमी? आपल्याकडं काय जिने न्हाईत?" खरं म्हणजे आपल्याकडे जिना कुणाचाच नसतो, म्हणून तो कुणीच झाडत नाही. तिथे तो सगळ्यांचा होता. जिना झाडतानाच मला वरच्या मजल्यावरची मरीना भेटली. ती आणि तिचे वडील योसिप, मूळचे क्रोएशियाचे. योसिप तरुणपणी गवंडीकामाला म्हणून जर्मनीत आले आणि तिथेच म्हातारे झाले. त्यांच्या गॅलरीत लाल-पांढऱ्या चौकटींचा मोठा झेंडा होता. आम्हा दोघींचं इंग्रजी एकमेकींना पुरेल एवढं होतं.

सगळं शहर असं फुटबॉलने भरलेलं असताना आपल्या घरातल्या एका खोलीत मात्र फुटबॉलचं नाव काढायचं नव्हतं. ती खोली तुझी होती, मुक्ता.

तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस आणि तुमच्या गावच्या मुलींच्या संघाची गोलकीपर होतीस. मे महिन्यात हंगामाचा शेवटचा सामना झाला. तो गमावला नसता तर तुमचा संघ वरच्या गटात गेला असता. अगदी शेवटी एक साधा, सरपटत आलेला चेंडू तुझ्या हातांखालून आत गेला. मला फोनवर तुमच्या बाबांनी एवढंच सांगितलं होतं, आणि मीही तुला एवढंच म्हणाले होते की अगं खेळ आहे तो, आता अभ्यासाकडे बघ. मी आले तेव्हा तुझे हातमोजे कपाटावर, कुणाचा हात सहज जाणार नाही अशा जागी होते. सरावाला तू जात नव्हतीस. तुमच्या ट्रेनर बाईंनी निरोप ठेवला होता की शाळेची सुट्टी संपेपर्यंत मुक्ताने नाव दिलं तर गोलकीपरची जागा तिचीच, नाहीतर त्या दुसरी मुलगी बघतील. तुझी आई तुला रोज काहीतरी समजुतीचं सांगायची. तुझे बाबा विषय बदलायचे. तू बॅडमिंटन शिकणार म्हणालीस, आणि शाळेतून आलीस की दार लावून घ्यायचीस. बाहेर दिवाणखान्यात सोहम आणि मी टीव्हीपुढे बसायचो, आवाज बारीक करून.

फुटबॉल मला कळत नव्हता. मला कळायची ती कुस्ती. तुमचे आजोबा आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचे पंच असायचे. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, आणि गळ्यात शिट्टी, जी ते क्वचितच वाजवायचे. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत मी बायकांच्या बाजूला बसून त्यांना बघत होते, कुस्ती नाहीच. दोन जोडीचे मल्ल लागले आणि कुणी कुणाला पाडेना, उन्हं उतरली तरी सुटेनात, तेव्हा तुमच्या आजोबांनी आखाड्यात जाऊन दोघांचे हात धरले आणि दोन्ही वर केले. बराबर! सगळा फड टाळ्या वाजवत उठला. बक्षीस दोघांत वाटून दिलं, नारळही दोघांना. ते दोघे मल्ल एकमेकांच्या अंगावरची माती झाडत बाहेर आले. त्यातला एक कळमनुरीकडचा होता. तो आमच्याच घरी जेवला, आणि त्याच्यासाठी भाकरी थापता थापता माझ्या सासूबाई दमल्या. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे, की बरोबरी झाली म्हणजे कुणीच हरलं नाही, म्हणजे सगळ्यांनी आनंदाने घरी जायचं.

आता पुढचं समजेल.

त्या दिवशी क्रोएशियाचा सामना इटलीशी होता. तुमचे बाबा कामाच्या गावी होते, आई फोनवर मीटिंगमध्ये. तू खोलीत. सोहम आणि मी बघत होतो. क्रोएशियाचा एक गोल झाला तेव्हा वरच्या मजल्यावरून छत हललं. मग सामना संपता संपता, पंचांनी वाढवून दिलेला वेळही संपत आला असताना, इटलीने गोल केला. पडद्यावर एक-एक असे आकडे आले. मला बरं वाटलं. मी सोहमला म्हणाले, चला, बराबर झाली, आता झोपायचं. आणि टीव्ही बंद केला. त्या बरोबरीने क्रोएशिया स्पर्धेतून जवळजवळ बाहेर फेकला गेला होता, हे गणित मला कुठून ठाऊक असणार? आणि त्या लेकराने सांगितलं असतं, पण ते माझ्या मांडीवर झोपून गेलं होतं.

थोड्याच वेळात वरून बाईमाणसाच्या रडण्याचा आवाज आला. मग पुरुषाचा. म्हाताऱ्या पुरुषाचं रडणं ओळखू येतं. त्याला सवय नसते, म्हणून ते अडखळत येतं. मग काहीच नाही.

सकाळी तुम्ही सगळे गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं. वरच्या गॅलरीतला झेंडा काढलेला. पडदे ओढलेले. दोन म्हातारी माणसं काळे कोट घालून, मान खाली घालून जिना चढून गेली आणि थोड्या वेळाने तशीच न बोलता उतरली. सामना तर बरोबरीत सुटला होता, मग एवढं रडणं कशाचं? माझ्या मनात शंका उरली नाही. वरच्या घरात कुणीतरी गेलं होतं.

अशा वेळी काय करायचं ते मला विचारावं लागत नाही. आपल्याकडे ज्या घरात मरण झालं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या घरून पिठलं-भाकरी जाते. मी पिशवीतून आणलेलं ज्वारीचं पीठ काढलं. तुमच्या आईच्या त्या काचेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही, हे एव्हाना माहीत झालं होतं, पण ते दिवस फुगण्याचे नव्हतेच. पिठलं केलं, फोडणीला फार काही घातलं नाही. साधी पांढरी साडी नेसले. पातेलं पदराने झाकून वर गेले.

मरीनाने दार उघडलं. डोळे सुजलेले. मी इंग्रजीत म्हणाले, "काल आम्हाला ऐकू आलं. फार वाईट झालं." तिने मला मिठी मारली. मी आत गेले. दुखवट्याच्या घरात आपण खुर्चीवर बसत नाही, म्हणून मी भिंतीशी गालिच्यावर खाली बसले. योसिप खिडकीजवळ खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मरीनाकडे पाहिलं. मरीना गोंधळून माझ्याजवळ खाली बसली. मी काही बोलले नाही. असं काही बोलायचंही नसतं. नुसतं बसायचं, गेलेल्याचं नाव घरच्यांनी काढलं की मगच बोलायचं. बराच वेळ तिघेही गप्प होतो. भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालत होतं. शेवटी कुणीच नाव काढेना, तेव्हा मी हळूच विचारलं, की घरातलं कोण गेलं?

मरीना माझ्याकडे बघत राहिली. मग पातेल्याकडे, माझ्या पांढऱ्या साडीकडे. तिच्या लक्षात आलं. मला आता ती हसेल असं वाटलं, आणि हसली असती तरी चाललं असतं. पण ती हसली नाही. तिने वडिलांना त्यांच्या भाषेत सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी खुर्चीचा हात धरला, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि कण्हत माझ्यासमोर गालिच्यावर येऊन बसले. भाकरीचा तुकडा मोडला. पिठल्याला लावला. खाल्ला. आणि बोलायला लागले.

नेमकी तेव्हाच तू आलीस, मुक्ता. शाळेतून आलीस तर खाली घराला कुलूप. वर माझा आवाज ऐकू आला म्हणून आलीस, आणि त्या उघड्या दारात, पाठीवर दप्तर, आजी आणि दोन क्रोएशियन माणसं जमिनीवर बसून पिठलं खातायत असं दृश्य तुला दिसलं. तुझ्या कपाळावर आठी होती. तू वाकून माझ्या कानात म्हणालीस, "आजी, इथं कुणी वारलं नाहीये. हे मॅचचं आहे." मी म्हणाले, कळलं मला आता, बस तू, आणि हे काय म्हणतायत ते मला सांग. कारण योसिप आता तुझ्याशी जर्मनमध्ये बोलायला लागले होते.

तू बसलीस. आणि एकेक वाक्य मराठीत सांगायला लागलीस.

ते म्हणाले, हे खेळाडू आता थकले. इतकी वर्षं हेच होते, आपल्या पोरांसारखे डोळ्यांसमोर मोठे झालेले. आता घरी जातील आणि म्हातारे होतील. ते म्हणाले, सगळे उभे होते, मी पण इथे उभा होतो, शिट्टीची वाट बघत. मग डावीकडून चेंडू आला. त्यांनी मिठाची बाटली उचलून गालिच्यावर ठेवली, चमचा ठेवला, माझ्या पातेल्याचं झाकण ठेवलं. झाकण म्हणजे गोल. चमच्याने बाटलीला ढकललं. तू सांगत होतीस, चेंडू इथून असा वळून वरच्या कोपऱ्यात गेला. मग तू थांबलीस. योसिप काहीच बोलले नव्हते, आणि तूच म्हणालीस, जर्मनमध्ये त्यांना आणि मराठीत मला, "असा वळलेला चेंडू हाताला लागत नाही. तो शेवटच्या क्षणी दूर जातो. तो गोलकीपर सगळा ताणला होता तरी."

योसिपनी विचारलं, तुला कसं माहीत. तू मिठाची बाटली तेवढी थोडी डावीकडे सरकवलीस, म्हणालीस, तो इथून मारला होता, तिथून नाही. म्हणजे तू खोलीत दार लावून मोबाईलवर सामना बघत होतीस. मला तेव्हाच ते कळलं.

उठताना आपण काहीच न बोलता उठलो. दुखवट्याच्या घरून निघताना येते म्हणत नाहीत, आणि माझं अंग त्या सवयीनेच उठलं. मरीनाला ते चमत्कारिक वाटलं असेल.

जिन्यात तू माझ्यापुढे दोन पायऱ्या होतीस. तशीच, मागे न बघता म्हणालीस, "माझ्या वेळी कुणी पिठलं आणलं नाही."

संध्याकाळी सुमनला फोन केला तेव्हा तिचं हसू थांबेना. मेलं कुणीच न्हाई, मग पिठलं वाया गेलं म्हणा की, असं म्हणाली. मी सांगितलं, वाया नाही गेलं, त्यांनी खाल्लं. मग तिला तू जिन्यात म्हणालीस ते सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "लेकराला लागलेलं असतंय बाई. आपल्याला दिसत न्हाई."

तुमचे आजोबा गेले तेव्हा आपल्या हिंगोलीच्या घरात दहाव्यापर्यंत माणसं येत होती. प्रत्येक जण बसायचा, थोडा गप्प राहायचा आणि मग विचारायचा, कसं झालं? आणि मला सांगावं लागायचं. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, उठताना म्हणाले छातीत जड वाटतंय, आणि मग. सुरुवातीला मला वैताग यायचा. मला नीटनेटकं आवडतं, एकदा लिहून दाराला लावावं असं वाटायचं, म्हणजे प्रत्येकाला पुन्हा सांगायला नको. पण लोक येत राहिले आणि मी सांगत राहिले. हळूहळू त्या सांगण्यात पहिल्यांदा न सांगितलेल्या गोष्टी यायला लागल्या. त्या दिवशी चहात त्यांनी साखर जास्त मागितली होती. उठायच्या आधी त्यांनी चष्मा पुसून नीट डबीत ठेवला होता. कुणी म्हणालं नाही, की जाऊ द्या, वय झालं होतं. म्हणजे म्हणाले काही जण, पण ते आलेलेच नव्हते असं मी धरून चालले. ज्यांनी नुसतं विचारलं, कसं झालं, त्यांनी मला त्या दिवसाभोवती पुन्हा पुन्हा फिरवलं, आणि तो दिवस हळूहळू माझ्या हातात धरता येईल एवढा झाला. हे शहाणपण मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आणि ते फक्त मेलेल्या माणसांसाठी आहे, असं मला उगीचच वाटत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू शाळेतून आलीस तेव्हा मी तुझ्या खोलीत खाली चादर पसरून बसले होते. तू दारातच थांबलीस. काय करतेयस, असं तुझ्या चेहऱ्यावर. मी म्हणाले, आलेय. तू हसलीस, मग हसायची थांबलीस. दप्तर ठेवून पलंगावर बसलीस. मी काही बोलले नाही. माझ्याइतका वेळ गप्प बसणं तुला जमत नाही, हे मला ठाऊक होतं. शेवटी तू घसरत खाली चादरीवर आलीस. तेव्हा मी विचारलं, "कसं झालं?"

पहिल्यांदा तू दोन वाक्यांत संपवलंस. माझ्या चुकीमुळे हरलो, बस. मी मान हलवली आणि बसून राहिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्या दिवशी तू रडलीस, आणि तुझी आई धावत दारात आली. अगं, एवढं काय त्यात, असं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं आणि मी हाताने खूण केली, की नको. ती दाराला टेकून उभी राहिली. मग तीही खाली बसली. पुढच्या वेळी सांगताना गवत ओलं होतं हे आलं. मग ऊन डोळ्यांवर होतं हे आलं. मग त्याआधी तू दोन अवघड चेंडू अडवले होतेस हेही आलं, पण ते सांगताना तुझा आवाज बारीक झाला, जणू स्वतःची बाजू मांडणं बरोबर नव्हे. सोहम मध्येच येऊन म्हणाला, की ताई, मी तिथे होतो, तू तिसराही अडवला होतास. तू त्याला म्हणालीस, तुला काय कळतं, तो बाहेरच जात होता. पण त्याला खोलीतून घालवलं नाहीस.

मी तुला एकदाही म्हणाले नाही, की परत जा. दुखवट्याला गेलेलं माणूस कुणाला दुसरं लग्न सुचवत नाही.

पुढचे सामने तू आमच्याबरोबर बघायला लागलीस. जर्मनी आणि स्पेनचा सामना श्टुटगार्टलाच होता, तेव्हा आपण सगळे मोठ्या चौकातल्या पडद्यापाशी गेलो होतो. इतकी माणसं मी फक्त हिंगोलीच्या दसऱ्याला पाहिली आहेत. बाकी सगळे चेंडूकडे बघत होते. तू फक्त गोलकीपरकडे बघत होतीस. चेंडू पार दुसऱ्या टोकाला असताना तो काय करतो, कुठे उभा राहतो, कुणावर ओरडतो. जादा वेळ संपत आला असताना स्पेनने गोल केला आणि तो अख्खा चौक एकदम विझला. माझ्या शेजारची एक बाई बियरचा पेला हातात तसाच धरून उभी राहिली. तू हळूच म्हणालीस, गोल झाला की बाकीचे दहा जण एकमेकांकडे बघतात, गोलकीपरला मागे जाळ्याकडे बघावं लागतं. चेंडू तिथे असतो. मी तुझ्याकडे पाहिलं. ते तू माझ्याशी बोलत नव्हतीस.

घरी येताना गाडीत एवढी माणसं असून कुणी बोलत नव्हतं. सकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई पाटी नसतानाही जिना पुसत होत्या. दोनदा पुसला त्यांनी. त्यांच्याकडेही पिठलं नेणार का, असं तुमच्या बाबांनी मला विचारलं आणि आपणच हसले.

स्पर्धा संपली. आरशांवरचे झेंडे उतरले. तुमची सुट्टी लागली. योसिपनी त्यांच्या गॅलरीत टोमॅटोच्या कुंड्या ठेवल्या आणि मला काड्या कशा बांधायच्या यावर हातवारे करून सल्ला विचारला. जवळा बाजारहून सुमन कळवत होती, की हळद वीतभर आली, आता गुडघ्याला लागली. माझ्या परतीची तारीख जवळ येत होती, आणि ट्रेनर बाईंना नाव द्यायची मुदतही. हातमोजे कपाटावरच होते. रोज सकाळी तुझी खोली झाडताना मी वर बघायचे आणि खाली बघायचे. तुला विचारायचं नाही असं ठरवलेलं होतं, आणि ते पाळणं मला फार जड गेलं, हे तुला आज सांगायला हरकत नाही.

मग एका दुपारी मी झाडायला गेले तर कपाटावर धुळीत दोन हातांचे ठसे होते आणि हातमोजे नव्हते.

संध्याकाळी जेवताना तू सांगितलंस, की शनिवारी शेजारच्या गावाशी मैत्रीचा सामना आहे, आमच्या संघाची सध्याची गोलकीपर सुट्टीवर गेलीय, तेवढ्यापुरती मी उभी राहतेय. नाव दिलेलं नाही. तेवढंच. तुझ्या आईने वरणाचा डाव हातात धरून बरं म्हटलं. तुमच्या बाबांनी पाणी प्यायलं. कुणी एकमेकांकडे बघितलं नाही.

ते मैदान शेतांच्या मध्ये होतं. मका डोक्याएवढा उभा, आणि वाऱ्याने त्याचा सगळा आवाज मैदानात येत होता. आम्ही कडेच्या लाकडी बाकावर बसलो. सगळ्यांत जास्त मी घाबरले होते. तू त्या मोठ्या चौकटीत फार लहान दिसत होतीस. पहिल्यांदा चेंडू तुझ्याकडे आला तेव्हा तो तुझ्या हातात बसला, आणि माझ्या तोंडून एक मोठा श्वास निघाला. मग बराच वेळ काही नाही.

आणि मग गोल झाला. फार अवघडही नव्हता, फार सोपाही नव्हता. उजवीकडून एक उंच मुलगी पळत आली, तिला कुणी अडवलं नाही, आणि तिने तुझ्या डाव्या बाजूने चेंडू आत घातला. कडेला उभ्या असलेल्या सगळ्या आयाबापांनी एकदम ओरडायला सुरुवात केली. काही नाही, काही हरकत नाही, असं ते ओरडतात हे एव्हाना मला कळायला लागलं होतं. तुझी आई अर्धी उठली. माझाही हात वर गेला होता, तो मी खाली घेतला. तू जाळ्याकडे तोंड करून उभी होतीस. तुझी पाठ तेवढी दिसत होती. मका वाजत होता. मला वाटलं, आता ती हातमोजे काढेल.

तू वाकलीस, जाळ्यातला चेंडू काढलास, वळलीस आणि तो मधल्या वर्तुळाकडे इतक्या जोरात लाथाडलास की पंचांना बाजूला व्हावं लागलं. मग दोन्ही हात पसरून आपल्या बचावाच्या मुलींना जर्मनमध्ये काहीतरी इतकं तिखट सुनावलंस, की तुझ्या आईने तोंडावर हात ठेवला आणि ट्रेनर बाई खाली बघून हसायला लागल्या. त्या उंच मुलीला मोकळी सोडणारी पोरगी मुकाट्याने आपल्या जागेवर पळत गेली.

मी सोहमला विचारलं, काय म्हणाली रे ती.

तो म्हणाला, "आजी, ते मराठीत सांगता येत नाही."

मी बरं म्हटलं, पदर खोचला आणि नीट बसले. सामना अजून बराच बाकी होता.